कापलेली दीड मिनिटं

बालाजी घाटावरून वर येणाऱ्या गल्लीत कुणी मोघ्यांचं घर विचारलं, की लोक उलट विचारत, "शास्त्रीजी हवेत की खाँसीवाले?" बापलेक एकाच घरात राहत. पण एकाकडे येणारे उंबऱ्यातच वाकून नमस्कार करत, आणि दुसऱ्याकडे येणारे काखेतून टेपची चकती काढत.

खाँसीवाले म्हणजे मुलगा, बिंदुमाधव. विश्वविद्यालयाच्या संगीत विभागात ध्वनिमुद्रणाची खोली त्याच्याकडे होती. मैफल टेप करायची आणि मग ती स्वच्छ करायची, हे त्याचं काम. श्रोत्यांचा खोकला, तबलजीची शिंक, गवयाचा घसरलेला सूर, सगळं तो फितीतून कापून काढी. दोन्ही चकत्या हातानं मागेपुढे फिरवत खोकला नेमका कुठं सुरू होतो ते शोधायचं, पेन्सिलीची खूण करायची, ब्लेडनं तिरका छेद द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. जोड असा बेमालूम, की ज्याचा सूर घसरला होता तो गवईसुद्धा टेप ऐकून म्हणे, "देखा? मैं कहाँ चूका?" कापलेले तुकडे बिंदुमाधव घरी आणी आणि त्याची बनारसमध्येच वाढलेली, मराठीत हिंदी मिसळणारी बायको कालिंदी त्यांनी वेण्या सोडून बाकी सगळं बांधी. मेथीच्या जुड्या, रद्दीचे गठ्ठे, फाटकाची कडी. शहरातल्या मोठमोठ्या गवयांच्या शिंकांनी मोघ्यांचा संसार बांधलेला होता म्हणा ना.

हा कान त्याला आयता मिळालेला नव्हता. वडील काशीनाथशास्त्री घनपाठी. म्हणजे वेदातली पदं सुटी करून ती पुढून, मागून, दोन दोन, तीन तीन अशी गुंफून म्हणणारे. हा खटाटोप का, तर शतकं उलटली तरी एक अक्षर इकडचं तिकडं होऊ नये. बिंदुमाधवानं सातव्या वर्षापासून त्यांच्यासमोर बसून हे पाठ केलं. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो परीक्षेला बसला. समोर बारा शास्त्री, बाजूला वडील. तासभर सगळं सुरळीत चाललं. मग एक पद आलं, जे आणखी एका ठिकाणीही येतं, आणि त्याची जीभ एका वाटेवरून निघून भलत्याच वाटेला लागली. चूक झाली हे बाराही जणांच्या आधी त्याला कळलं. सगळे गप्प झाले. पुढचं त्याला नीट आठवत नसे. एवढंच आठवे, की तो बाहेर उन्हात उभा होता आणि परीक्षा संपलेली होती.

"मला उठवलं," असं तो पुढे कालिंदीला सांगे, तेही अठ्ठावीस वर्षांत दोनदाच. वडील रागावले नाहीत, मारलं नाही, विषयही काढला नाही. पुढच्या महिन्यात त्याचं नाव इंग्रजी शाळेत घातलं गेलं. त्या दिवसापासून पाठ म्हणायला ना त्यांनी त्याला बोलावलं, ना तो बसला. मात्र चूक हा शब्द कानावर आला, तरी बेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ उठून दुसऱ्या खोलीत जाई. बाकी माणूस हसरा. ब्लेड घेऊन दुसऱ्यांच्या चुका कापायला बसला, की त्याच्यासारखा सुखी माणूस नव्हता.

तर अशा माणसाच्या हाती १९७५ सालच्या फाल्गुनात ती अमेरिकन टेप आली.

टेप डॅनियलची. हा सव्वीस वर्षांचा, लाल दाढीचा बाप्या मोघ्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा आणि तबला शिकायचा. व्हिसाच्या भानगडीसाठी त्याला महिनाभर नेपाळला जाणं भाग होतं. जाताना तो खाली आला आणि एक चकती दोन्ही हातांनी बिंदुमाधवाच्या पुढे धरली. तिची एक नक्कल करून हवी होती. बनारसच्या दमट हवेनं फितीच्या कडा वळू लागल्या होत्या.

"बस एक ही है, बिंदुभाई," तो म्हणाला. "दुनिया में एक."

"दुनियेत एकच कशी?" बिंदुमाधवाला कुतूहल वाटलं. "रेकॉर्ड नाही निघाली?"

डॅनियलनं आपल्या मोडक्या हिंदीत खुलासा केला. त्याच्या देशात एक बँड होता, पाच जणांचा. विजेच्या गिटारी, ढोल, पेटीसारखा बाजा. तो शहराशहरातून कार्यक्रम करत हिंडे आणि डॅनियल आपलं मशीन घेऊन मागोमाग. लोकांच्या गर्दीत बसून तो सगळं टेप करी. गाणी तीच, पण एकाही रात्री ती तशीच वाजत नसत. गाणं सुरू करायचं आणि मग सोडून द्यायचं, हात नेतील तिकडे जायचं. कुठं जाणार हे वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसे. म्हणून प्रत्येक रात्रीची टेप एकुलती एक.

"आणि परत येतात?" बिंदुमाधवानं विचारलं.

"आते हैं."

"पाचही?"

"पाँचों. एक साथ."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

डॅनियलनं खांदे उडवले. त्याला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. बिंदुमाधवाला मात्र तो असा डसला, की डॅनियलची रिक्षा चौकात वळायच्या आत त्यानं टेप मशीनवर चढवली. हे मशीन विभागानं भंगारात काढलेलं. त्यानं घरी आणून खटपट करून उभं केलं होतं. ते ठेवलं होतं वडिलांच्या खोलीबाहेरच्या ओसरीत, कारण धड चालणारा विजेचा प्लग घरात तेवढा एकच होता. वडिलांची, म्हणजे अण्णांची, दृष्टी काचबिंदूनं गेलेली. ते दिवसभर आत खाटेवर बसून असत.

पहिल्यांदा ऐकून बिंदुमाधव हबकला. चार मिनिटं कुणीतरी कसलंसं साधं गाणं म्हटलं आणि मग सगळे जत्रेत हात सुटल्यासारखे पांगले. गिटारवाला भलतीकडे, बाजेवाला तिसरीकडे. लोक शिट्ट्या मारतायत. डॅनियलच्या शेजारी बसलेला कुणी मधेच खोकतो, तेव्हा बिंदुमाधवाचा हात आपोआप ब्लेडकडे गेला. पण एकोणतिसाव्या मिनिटाला खरोखरच पाचही जण एका ठोक्यावर, एका सुरात गाण्यावर येऊन उभे राहिले, आणि लोकांनी जो गलका केला, त्यानं ओसरीतलं कबुतर उडालं.

त्यानं टेप पुन्हा लावली. होळीची सुट्टी होती. गल्लीत रंगाचा धुमाकूळ चालला होता आणि हा दार लावून मात्रा मोजत बसला. खूण कोण करतं? ढोलवाला? ठरावीक आवर्तनांनंतर येतात? आवर्तनं जुळेनात. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, आठव्यांदा ऐकलं. कालिंदीनं पुरणपोळीचं ताट ओसरीतच आणून ठेवलं.

"अहो, हे मांजरांचं भांडण किती वेळा ऐकणार?"

"एकदा कळू दे, मग बंद करतो."

"क्या कळू दे?"

"परत कसे येतात ते."

आणि आठव्या वेळी त्याला दुसरंच काहीतरी सापडलं. एकोणिसाव्या मिनिटाला गिटारवाला चुकला होता. साफ चुकला होता. वेगात वर चढता चढता त्याचं बोट भलत्याच तारेवर पडलं आणि एक वेडावाकडा, त्या सुरावटीत न बसणारा स्वर निघाला. गिटार थांबली. मागोमाग बाजा थांबला. पुढं दीड मिनिटभर त्याच्या कानाला नुसता हळूहळू चाललेला ढोल लागला, बाकी काही नाही. चाचपडणं नुसतं. हजारो माणसं समोर आणि हा माणूस रस्ता चुकलेला.

बिंदुमाधवानं कानांवर हात घेतले. तो हे ऐकूच शकेना. त्याला त्या अनोळखी गिटारवाल्याची एवढी दया आली, की डोळे भरले. अरे, याला कुणी उठवलं कसं नाही? हजारो लोक गप्प कसे बसले? आणि वरून या गाढव डॅनियलनं ती चूक जपून सात समुद्रांपलीकडे आणली! उद्या हजार जण ऐकतील आणि म्हणतील, हाच तो चुकलेला.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. आधी मूळ टेप स्वच्छ करायची, मग नक्कल उतरवायची. त्यानं पेन्सिलीनं दोन खुणा केल्या, दोन छेद दिले आणि सतरा मीटर फीत बाजूला काढून टाकली. जोड इतका सुरेख बसला, की त्याला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. अमेरिकेतल्या एका माणसाची अब्रू त्यानं बालाजी घाटावर बसून वाचवली होती. नक्कल करण्याआधी एकदा तपासावं, म्हणून त्यानं टेप सुरुवातीपासून लावली आणि डोळे मिटून ऐकत बसला.

गाणं संपलं. आतून अण्णांचा आवाज आला.

"बिंदू, मधलं कुठं गेलं?"

त्याला आधी वाटलं, ते सुपारीच्या डबीबद्दल विचारतायत. अण्णा या टेपबद्दल चार दिवसांत एक अक्षर बोलले नव्हते. फक्त परवा विजेचा दाब पडला होता तेव्हा म्हणाले होते, "आज सगळे अर्ध्या सुरानं खाली का गातायत?"

"मधलं म्हणजे, अण्णा?"

"तो अडखळला, ते. नुसता ढोल वाजत होता, ते."

बिंदुमाधव दारात जाऊन उभा राहिला. "चूक होती ती. काढून टाकली."

"तू काढलीस?"

"हो."

"वाजवणारा तू आहेस?"

"नाही."

"मग गाळायचा अधिकार तुला कुणी दिला?" अण्णा खाटेवर ताठ बसले होते. आवाज चढला नव्हता, पण अठ्ठावीस वर्षांत ते मुलाशी या सुरात बोलले नव्हते. "शेवटी सगळे मिळून जे म्हणतात, ते कुठून आलं आता? आईबापांवाचून जन्मलं? नीट ऐकलंस का तू? तो चुकला, मग तेच चुकलेलं त्यानं हळूच पुन्हा म्हटलं. मग त्या जाड तारांच्या गिटारवाल्यानं ते खालच्या सुरात उचललं. मग उलटं म्हटलं, मग सुलटं. त्यालाच धरून तर सगळे घरी आले!"

बिंदुमाधव खाली बसला. आठ वेळा मात्रा मोजूनही त्याला जे सापडलं नव्हतं, ते म्हाताऱ्यानं भिंतीआडून, त्या गाण्याचा एक शब्दही न समजता ऐकलं होतं. कारण साधं होतं. चूक आली, की बिंदुमाधवाचे कान आपोआप मिटत. पुढची दीड मिनिटं त्यानं खरं म्हणजे एकदाही ऐकली नव्हती.

मग एकच धावपळ. ओसरीतल्या खुंटीवर अडकवलेली फीत जागेवर नव्हती. खोक्यात नव्हती, केरात नव्हती. "कालिंदी! इथं फीत होती, मोठी!"

"छतावर आहे," कालिंदी स्वयंपाकघरातून म्हणाली. "सांडगे घातलेत ना. बंदरांनी नाकी नऊ आणले होते. ती फीत बांधली तर हवेत अशी सूं-सूं करते, की एक बंदर फिरकलं नाही. देखिए आप!"

बिंदुमाधव तीन जिने एका दमात चढला. छतावर चार बांबू रोवून कालिंदीनं दुनियेतली ती एकुलती एक दीड मिनिटं सांडग्यांभोवती कुंपणासारखी ताणली होती. उन्हात फीत चमकत होती आणि गंगेवरच्या वाऱ्यानं खरोखरच गुणगुणत होती. समोरच्या कठड्यावर सात माकडं शहाण्या मुलांसारखी ओळीनं बसली होती. बांबूला नीट गुंडाळता यावी म्हणून कालिंदीनं फितीचे पाच तुकडे केले होते. बिंदुमाधवानं गाठी एकेक करून नखांनी सोडवल्या, ओल्या फडक्यानं सांडग्याचं पीठ पुसलं आणि पाचही तुकडे गळ्यात घालून खाली आला. त्याची पाठ वळताच माकडांनी सांडग्यांचं काय केलं ते सांगायला नको. कालिंदी पुढे आठवडाभर रागानं त्याच्याशी निव्वळ हिंदीत बोलत होती.

आता कुठला तुकडा आधी, कुठला नंतर? आणि कुठलं टोक पुढचं? बिंदुमाधवाला ठाऊक नव्हतं, कारण त्यानं तो भाग ऐकलाच नव्हता. तो एकेक तुकडा मशीनच्या आवाज वाचणाऱ्या हेडवरून हातानं ओढू लागला. घर्र-घर्र, गुं-गुं असे आवाज निघू लागले.

"हा उलटा आहे," आतून अण्णा म्हणाले. "टोक फिरव."

त्यानं फिरवलं.

"हां. पण हा तिसरा. आधी तो घे, ज्यात तो एकटाच दोनदा म्हणतो."

बिंदुमाधवानं क्षणभर विचार केला आणि आत जाऊन वडिलांचा हात धरला. त्यांना ओसरीत आणलं, भिंतीला टेकून बसवलं. दुपारभर दोघांचं काम चाललं. अण्णा कान देऊन सांगत, "हा. आता तो जाड तारेचा. नाही, याच्या आधी मोकळा ढोल आहे, चार वेळा," आणि बिंदुमाधव छेद देई, जोड लावी. गाठींपाशी फीत चुरगळली होती. तिथं आवाज किंचित बुडायचा. त्याला इलाज नव्हता. डॅनियल रामनवमीला आला तेव्हा बिंदुमाधवानं त्याला हे सगळं माकडांसकट सांगून टाकलं. तो आधी पांढराफटक पडला, मग टेप ऐकली, मग त्या बुडणाऱ्या जागा पुन्हा पुन्हा लावून हसत बसला. "गलती?" तो म्हणाला. "बहुत अच्छी गलती." पण हे पुढचं झालं.

त्या दुपारी शेवटचा जोड बसला आणि बिंदुमाधवानं टेप थोडी मागे घेऊन लावली. तो वेडावाकडा स्वर आला. हात कानांकडे गेलेच, पण या वेळी तो कान उघडे ठेवून बसून राहिला. गिटार थांबली. ढोल चालू राहिला. आता त्याला ऐकू आलं, की लोक नुसते गप्प बसले नव्हते, त्याच्यासाठी थांबले होते. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी उठलं नाही. ढोलवाला हळूहळू ठोके देत होता, अगदी बेतानं, त्या माणसाला विचार करायला जागा ठेवून. आणि मग गिटारवाल्यानं तोच चुकलेला स्वर पुन्हा, या वेळी मुद्दाम, वाजवला.

बिंदुमाधवाला रडू आलं. आपण रडतोय हे वडिलांना दिसत नाही, एवढंच त्याला बरं वाटलं. पण घनपाठ्याच्या कानांपासून काय लपणार?

"काय झालं रे?"

अठ्ठावीस वर्षं मनात राहिलेलं ते वाक्य आपसूक बाहेर पडलं. "अण्णा, मग मला का उठवलंत?"

"कुणी उठवलं?"

"परीक्षेत. बारा शास्त्र्यांसमोर."

टेप चालूच होती. अण्णांनी मान वळवली, टेपच्या दिशेनं नव्हे, मुलाच्या दिशेनं.

"तुला कुणी नाही उठवलं, बिंदू. तू उठलास." त्यांनी एक बोट वर केलं. "पहिलीच चूक होती तुझी. तीन माफ असतात. नियम असा, की चुकलेल्यानं स्वतः मागे जाऊन धरायचं, दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. म्हणून सगळे थांबलो होतो. मी मनात म्हणतोय, आता धरेल, आता धरेल. तू चपला घालून निघून गेलास."

"मग घरी आल्यावर का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुला नकोच होतं हे." म्हाताऱ्यानं खांद्यावरचा पंचा ओढून घेतला. "मी विचारलं असतं आणि तू नाही म्हणाला असतास तर? मला ते ऐकवलं नसतं. म्हणून मीच शाळेत नाव घातलं."

बिंदुमाधवानं ब्लेड उचलून खोक्यात टाकलं. त्याला राग आला होता, वडिलांचा, स्वतःचा, त्या बारा गप्प शास्त्र्यांचा. आणि त्या रागाखाली खूप मोकळंही वाटत होतं.

"पुढचं पद येतं का?" अण्णांनी विचारलं.

"येतं."

"तेव्हा येत होतं?"

"दारापर्यंत पोचलो तेव्हाच आठवलं होतं."

"मग?"

"मग काय, अण्णा. चपला घातल्या होत्या."

अण्णांनी पंच्यानं डोळे पुसले. मग खाकरून घसा साफ केला आणि पाठ शिकवताना बसत तसे ताठ बसले.

"आंघोळ झालीय ना तुझी?"

"सकाळीच."

"मग धर."

बिंदुमाधवानं मशीन बंद केलं, वडिलांसमोर मांडी घातली आणि दोन पदं मागे जाऊन म्हणायला सुरुवात केली.